कॉलेजची इमारत नको, त्याचा वॉर्ड बघून ये

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून आलेलं पत्र. लिहिणारी 18 वर्षांची आहे. नाव-गाव छापू नका म्हणाली आहे, म्हणून फक्त मजकूर, तोही थोडा आवरून:

"सिस्टर, नमस्कार. मी बारावी सायन्स केलं, 61 टक्के मिळाले. नीटमध्ये काही जमलं नाही. नर्सिंगची सीईटी दिली आहे. गेल्या पावसाळ्यात आजीला पक्षाघात झाला. ओरोसला जिल्हा रुग्णालयात 19 दिवस तिच्यापाशी मीच होते. चौथ्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टर आल्या, त्यांनी आजीची टाच उचलून बघितली आणि मला म्हणाल्या, हे लाल कधीपासून आहे? मला माहीतच नव्हतं. मी चार दिवस तिथेच बसले होते आणि मला दिसलं नव्हतं. त्या रात्रीपासून मी रोज टॉर्च लावून टाच बघते, अजून बघते. तिथल्या समाजसेवा अधीक्षक मॅडमनी आम्हाला दिव्यांग प्रमाणपत्राचं आणि श्रावणबाळ योजनेचं सगळं समजावलं, त्यांचंही काम मला फार आवडलं. शेजारच्या खाटेवर एक काकू होत्या, त्यांना सुट्टी झाली तरी न्यायला कोणी आलं नाही. त्यांचं पुढे काय झालं, हे अजून मनात येतं. आता मला नर्सिंग करावं की समाजकार्य हे कळत नाही. बाबा म्हणतात, 'लोकांची भांडी (म्हणजे बेडपॅन) काढूक तुका शिकयलंय काय?' मुंबईचे काका म्हणतात, नर्सिंगच कर, जर्मनीला जाशील, समाजकार्याने पोट भरत नाही. एकदा ड्रेसिंग बघताना मला चक्कर आली होती, म्हणजे मला जमणार नाही का? आणि मी शिकायला गेले तर आजीचं कोण करणार?"

पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतःच अर्धंअधिक लिहून ठेवलं आहेस, पण ते तुला दिसलेलं नाही. जशी ती टाच दिसली नव्हती.

योजनांबद्दल तू एक वाक्य लिहिलंस. टाचेबद्दल चार. चार दिवस दिसली नाही याची बोच तुला अजून आहे, आणि त्या बोचेवर तू रडत बसली नाहीस, टॉर्च हातात घेतलीस. 30 वर्षं मी मुलींना नर्सिंग शिकवलं. इंजेक्शन देणं शिकवता येतं, रक्तदाब बघणं शिकवता येतं. अंथरुणातल्या माणसाकडे रोज नव्याने बघायची सवय शिकवायला मात्र फार वेळ लागतो, काही जणींना ती शेवटपर्यंत लागत नाही. तुला ती लागली आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: तू बी.एस्सी. नर्सिंगला जा.

आता समाजकार्याचं. काकांचं म्हणणं मला पटत नाही. समाजकार्य हे शिकून करायचं काम आहे. गणपतीत रस्त्यावर लागणाऱ्या बॅनरवर ज्यांच्या नावापुढे 'समाजसेवक' लिहिलेलं असतं, त्यांच्याशी या कामाची गल्लत होते आणि मग लोकांना वाटतं, यात शिकायचं काय? मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, टिस. निर्मला निकेतन 1955 पासून आहे, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था 1963 पासून. या कॉलेजांतल्या मुली आठवड्यातले ठरावीक दिवस फिल्डवर्कला वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात जातात. कुणाच्या घरी गेल्या, काय बोलणं झालं, कुठे अडलं, याचं रेकॉर्डिंग लिहून देतात आणि त्यावर त्यांची उलटतपासणी होते.

मी एकदा अशा एका विद्यार्थिनीबरोबर गृहभेटीला गेले होते. क्षयाचा रुग्ण, औषध मध्येच सोडलेला. आम्ही नर्स मंडळी असतो तर थेट गोळ्यांचं पाकीट मागितलं असतं. ती पडवीत बसली, पाणी मागितलं, आणि बराच वेळ त्याच्या सुनेशी नुसती बोलत राहिली. बोलता बोलता कळलं की गोळ्या घेतल्यावर त्याला मळमळायचं, आणि सून सकाळी सातच्या एसटीने कामाला जायची, म्हणून तो उपाशीपोटी गोळ्या घ्यायचा. चुलीजवळ झाकून ठेवलेली भाकरी हाताला लागत नव्हती, कारण त्याला उठवत नव्हतं. भाकरी त्याच्या खाटेजवळ ठेवायची, एवढाच उपाय होता. तो शोधायला त्या मुलीला एक तास लागला. मला कदाचित सापडलाच नसता.

तेव्हा हे काम कमी प्रतीचं आहे म्हणून मी तुला तिकडून वळवत नाही. दोन कारणं आहेत. पहिलं तर सांगितलंच, टाच. दुसरं निव्वळ व्यवहाराचं आहे आणि ते तुला घरात कोणी सांगितलेलं दिसत नाही. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, कुठल्याही शाखेच्या पदवीधराला करता येते. म्हणजे नर्सिंगची पदवी घेऊन, दोन-तीन वर्षं वॉर्डात काम करून, मग त्या शेजारच्या खाटेवरच्या काकू तुझ्या मनातून जातच नसतील, तर तू खुशाल समाजकार्याकडे वळू शकतेस. उलट मार्ग नाही. बी.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवी, करून नर्सिंगला यायचं तर पुन्हा पहिल्या वर्षापासून. शिवाय रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या पदाला नुसती बी.एस.डब्ल्यू. पुरत नाही, एम.एस.डब्ल्यू. लागते. मनोरुग्णांबरोबर सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून काम करायचं तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याच्याही पुढची, एम.फिल.ची अट लिहिलेली आहे. आणि नर्सला जशी कौन्सिलची नोंदणी असते तशी सगळ्या समाजकार्यवाल्यांसाठी आपल्याकडे रुळलेली नाही, त्यामुळे पगार आणि पदनाम दोन्ही संस्थेच्या मर्जीवर राहतं. हे बदलायला हवं, मला त्याची मनापासून चीड आहे, पण 18 व्या वर्षी निर्णय घेताना तुला ते ठाऊक असलं पाहिजे.

चक्कर येते म्हणून घाबरू नकोस. माझ्या वर्गात दर वर्षी तीन-चार मुली पहिल्या महिन्यात पडायच्या. बहुतेक जणी सकाळी चहाशिवाय काही न खाता आलेल्या असायच्या. खाऊन जायचं, उभं राहताना गुडघे ताठ करायचे नाहीत, डोळ्यांपुढे अंधारी आली की लाज न बाळगता खाली बसायचं. दिवाळीपर्यंत ते थांबतं. रक्ताची भीती जाते, वासाची किळस जाते. जी जात नाही ती चिडचिड: तोच पेशंट तोच प्रश्न सहाव्यांदा विचारतो तेव्हा आवाज चढतो का, हे स्वतःला विचार. 19 दिवसांत आजीवर कितीदा ओरडलीस? तेवढंच मला जाणून घ्यायला आवडेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे. बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे चार वर्षं, आठ सत्रं, शेवटचं सत्र पूर्ण इंटर्नशिपचं. परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, प्रवेश सीईटीच्या कॅप (केंद्रीकृत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी धरून खुल्या गटाला 45 टक्के लागतात, ते तुला आहेत. हे झालं कागदाचं. पण हे शिक्षण वर्गात होत नाही, खाटेजवळ होतं. म्हणून कॉलेज निवडताना इमारत, बस, संगणक कक्ष हे काही बघू नकोस. त्याचं रुग्णालय बघ. भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे की कॉलेजला स्वतःचं किमान 100 खाटांचं रुग्णालय हवं आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत. खाटा असून चालत नाही, त्यांवर माणसं हवीत.

हे मी इतकं ठासून का सांगते, ते ऐक. काही वर्षांपूर्वी मी एका कॉलेजात बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. प्रसूतीच्या केसबुका तपासायला घेतल्या. प्रत्येक मुलीने ठरावीक बाळंतपणं स्वतःच्या हाताने करून त्यात नोंदवायची असतात. पहिली वही बघितली, छान अक्षर. दुसरी बघितली. तिसऱ्या वहीत मी थांबले. तीच बाई, तीच वेळ, बाळाचं वजन तेच 2 किलो 800 ग्रॅम. ओळीने सात वह्या तशाच. एकीला जवळ बोलावून विचारलं, वार पडायला किती वेळ लागला होता? ती वहीत शोधायला लागली. मग रडायलाच लागली. "सिस्टर, मी अजून एकही बाळंतपण डोळ्यांनी बघितलेलं नाही." शेवटचं वर्ष होतं तिचं. दोष तिचा नव्हता. रुग्णालयात बायका येतच नव्हत्या, आणि वह्या तर भरायच्या होत्या. ती मुलगी पुढे एखाद्या उपकेंद्रात रात्री दोन वाजता एकटी असेल आणि समोर अडलेली बाई असेल, तेव्हा कुठली वही उघडणार होती ती?

म्हणून असं कर. कॅपचे पर्याय भरायच्या आधी बाबांना घेऊन दोन-तीन कॉलेजांना जाऊन ये. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी दहाला तिथल्या ओपीडीत उभी राहा आणि केसपेपरची रांग केवढी आहे ते बघ. संध्याकाळी वॉर्डासमोरून जा. नातेवाइकांचे डबे, वाळत घातलेले टॉवेल, खोकल्याचे आवाज, हे सगळं असेल तर रुग्णालय जिवंत आहे. प्राचार्यांना भेटायचं तर भेट, पण खरं बोलतील त्या शेवटच्या वर्षाच्या मुली, कँटीनमध्ये. त्यांना विचार: या महिन्यात किती बाळंतपणं केलीस? रात्रपाळीला ट्यूटर फेरी मारतात का? सकाळी ओव्हर तू स्वतः देतेस की स्टाफ सिस्टर देते? ओव्हर म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या पाळीला एकेका रुग्णाची सगळी हकिकत सांगणं. ज्या कॉलेजच्या मुली ओव्हर देतात, तिथे शिकवलं जातं. मोठी रुग्णालयं आता कोकणातही आहेत. डेरवणला आहे, रत्नागिरी, ओरोस आणि अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. कुणाशी कुठलं नर्सिंग कॉलेज जोडलेलं आहे, ते कॅपच्या यादीवरून आणि प्रत्यक्ष जाऊन पडताळ.

खाटेजवळ नुसतं बसून काय साधतं, याचं आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर होते. लाल विंचू चावलेली माणसं दगावत होती. ते त्या रुग्णांपाशी रात्र-रात्र बसले, घाम कधी फुटतो, हातपाय कधी थंड पडतात, नाडी कशी चालते, हे टिपत गेले. ती निरीक्षणं 1982 साली लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने त्यांनी किती जणांना वाचवलं ते सगळ्या कोकणाला माहीत आहे. सुरुवात होती ती बघण्यापासून.

पैशाचं थोडक्यात. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, वर्षाला 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आजच तहसीलदार कार्यालयातून काढायला टाक. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही, म्हणून कुणी "सीट पक्की करून देतो" म्हणालं तर उठून ये. कॅपमध्ये बी.एस्सी. नाहीच मिळाली तर तीन वर्षांचं जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगची पदविका, कर आणि नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. कर, त्यात काही कमीपणा नाही. पण तालुक्याच्या नाक्यावर गाळ्यात चालणारे वर्षाचे 'नर्सिंग कोर्स' अजिबात नकोत. त्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणी नसेल तर तू नर्स नाहीस, चार वर्षं राबलीस तरी नाहीस.

जर्मनीचा विचार आत्ता नको. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यामुळे गावोगाव एजंट फिरायला लागले आहेत. पदवी, नोंदणी आणि थोडा अनुभव हातात आल्यावर जर्मन शिक, बी-2 पातळीपर्यंत यावी लागते, आणि मग ठरव. तोवर कुणालाही एक रुपया देऊ नकोस. आणि मूळ प्रमाणपत्रं तर कुणाच्याच हाती देऊ नकोस. माझ्या पहिल्या नोकरीत एका खासगी रुग्णालयाने ती ठेवून घेतली होती. सरकारी जागेची मुलाखत आली तेव्हा परत मिळेनात. ती संधी गेली, मी दोन वर्षं मागे पडले. झेरॉक्स दे, मूळ दाखव आणि परत पिशवीत ठेव.

पगाराबद्दलही खरं सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना 20,000 पेक्षा कमी देऊ नये. आजही अनेक ठिकाणी तेवढा मिळत नाही. म्हणून पहिली दोन वर्षं पगाराकडे कमी आणि शिकायला कुठे मिळेल याकडे जास्त बघ, आणि सरकारी भरतीचे अर्ज चुकवू नकोस.

आता बाबा. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्या बोलण्यात तुझी काळजी आहे आणि एक जुना समज आहे. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने शंभर वर्षांपूर्वी मुलींना नर्सिंग शिकायला ससूनला पाठवायला सुरुवात केली, तेव्हाही घराघरातून हेच ऐकू यायचं. वाद घालून हा समज जात नाही. त्यांना तुमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरकडे घेऊन जा. भातलावणीत कुणाला फुरसं चावलं, कुणाला ताप येऊन लघवी लाल झाली, तर वाडी आधी कुणाला हाक मारते, ते बाबांना माहीत आहे. तिला घरी चहाला बोलव. बाकी ती बोलेल.

आणि भांडं देण्याबद्दल म्हणशील तर, हो, द्यावं लागतं. मी दिलं आहे, तू आजीला देतेस. भांडं देताना पाठीची कातडी दिसते, लघवीचा रंग दिसतो, माणूस संकोचला आहे की दुखण्याने आवळला आहे ते कळतं. दाराला पडदा ओढायचा, भांडं आधी कोमट पाण्याने विसळून घ्यायचं, म्हणजे गार लागत नाही. परक्या बाईने माझ्या आईला असं भांडं दिलं होतं. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण तुला आतून जाणवत असणार. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली नाही, घटली. तरणी माणसं मुंबईला, मागे घर, कलमं आणि म्हातारी माणसं. तुझ्या आजीसारख्या किती जणी खाटेला खिळून आहेत, ज्यांच्यापाशी टॉर्च घेऊन बघणारी नात नाही! ही माणसं नर्सची वाट बघत आहेत आणि समाजकार्यकर्त्याचीही. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मी मुलींना पोस्टिंगला न्यायचे. बऱ्या झालेल्या, पण घरून कुणी न्यायला न आलेल्या बायका तिथे भेटायच्या. माझ्या मुली त्यांच्या केसांना तेल लावून द्यायच्या, आणि पलीकडच्या खोलीत समाजसेवा विभागातली मंडळी त्यांच्या भावांना पत्रांवर पत्रं लिहीत असायची. दोन्ही कामं एकाच बाईसाठी चालली होती. तुझ्या त्या काकूंसाठी तू उद्या यातलं कुठलंही करशील.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, जो तू अगदी शेवटच्या ओळीत लिहिलास: आजीचं कोण करणार? पत्रात बाबा आहेत, आई असेलच, पण आजीची कूस रात्री बदलतं कोण, ते तू लिहिलेलं नाहीस. तूच बदलत असणार. कॉलेज सुरू व्हायला वेळ आहे, तोवर हे घरात वाटून दे. दर दोन तासांनी कूस, निदान रात्री अकरा, दोन आणि पाचला. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी राहील अशी. दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेलं लुगडं. ओढून सरकवायचं नाही, चादरीसकट उचलून सरकवायचं, त्याला दोन माणसं लागतात. लाल जागा दिसली तर बोटाने दाबायची: बोट काढल्यावर पांढरी होऊन परत लाल झाली तर दाब काढून थांबायचं, दाबूनही लालच राहिली तर दुसऱ्या दिवशी सिस्टरला दाखवायचं. त्या जागेवर चोळायचं मात्र नाही.

हे बाबांना शिकव. आईला नको, आई आधीच दमलेली असेल. पहिल्या रात्री चादरीची दोन टोकं तू धर, दोन बाबांना दे. आजी म्हणेल, "माका कुशीर कर गो", तेव्हा तू गप्प राहा आणि बाबांना पुढे होऊ दे. टॉर्चही त्यांच्याच हातात दे.